पाठवणाऱ्याचा पत्ता

१

झुल्मा एत्चार्तच्या घरी टपाल सकाळी साडेदहाला यायचं. मिल्तोन पोस्टमन कोपऱ्यावरूनच शीळ घालायचा, आणि शीळ ऐकू आली की झुल्मा किटली उतरवायची. पाणी उकळू द्यायचं नाही, उकळलं की माते, म्हणजे इथला पाल्याचा चहा, कडूजहर होतो. मग दाराची पितळी झडप खडखडायची, पाकिटं फरशीवर पडायची, आणि मिल्तोन वाकून त्याच फटीतून आत डोकावायचा. त्या फटीतून अख्खा बोळ दिसतो, बोळाच्या टोकाला स्वयंपाकघर आणि त्यातलं अर्धं टेबल.

"झुल्माबाई, तळणीचा वास येतोय हो!"

"डोळे काढ आधी आतून. चोंबडा कुठला!"

हे रोजचं. मग ती पाकिटं घेऊन टेबलाशी बसायची. सुरीने कडेने अलगद फोडायची, फाडायची नाही, कारण या मंडळींमध्ये पाकीटसुद्धा कवितेचाच भाग असतं. मागच्या बाजूचा पत्ता वहीत उतरवायचा, नंबर टाकायचा, आणि आतला कागद कपड्यांच्या चिमट्याने दोरीला लावायचा. स्वयंपाकघरात आडव्यातिडव्या सात दोऱ्या होत्या. शेजारणीला वाटायचं, म्हातारी घरात धुणं वाळवते.

ही मंडळी म्हणजे जगभर विखुरलेली काही शे वेडी माणसं. कविता करतात, पण वाचायच्या नाहीत, बघायच्या. कोणी एकाच अक्षराचं जंगल काढतं, कोणी तिकिटं चिकटवून ओळी रचतं, कोणी नुसते रबरी ठसे मारतं. आणि हे सगळं टपालाने एकमेकांना पाठवतात. विकायचं नाही, बक्षीस नाही. एकाने विषय जाहीर करायचा, बाकीच्यांनी पाठवायचं. नियम चारच, आणि ते प्रत्येक निमंत्रणाच्या तळाशी छापलेले असतात: परीक्षक नाहीत. आलेलं सगळं मांडलं जाईल. काही परत पाठवलं जाणार नाही. पाठवणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि पत्ता असलेली यादी सर्वांना मिळेल.

झुल्माने बारा वर्षांनी निमंत्रण काढलं होतं. लष्कराची राजवट जाऊन दोन वर्षं झाली होती, माणसं पुन्हा मोठ्याने बोलायला लागली होती. विषय तिने दिला होता 'न बोलता'.

जुलैच्या त्या सकाळी अडतिसावं पाकीट तिने उलटं केलं, पत्ता उतरवायला पेन टेकवलं, आणि हात तिथेच थांबला. नाव नव्हतं. नुसता पत्ता होता. तोनेलेरोस रस्ता, १४१७, मोंतेव्हिदेओ.

हा पत्ता तिने आयुष्यात एकदाच लिहिला होता. लिहिला म्हणजे, टाइप केला होता.

आतल्या कागदावर मधोमध एकच ठसा होता. 'ओ' हे अक्षर. गोल, काळं, आणि उजव्या अंगाला एक बारीकशी खाच.

२

सेल्वा पिंतोस दुपारी आली तेव्हा तो कागद टेबलावर पालथा होता. सेल्वा म्हणजे झुल्माची चाळीस वर्षांची मैत्रीण, निवृत्त शाळामास्तरीण, तोंडाने फटकळ आणि जिवाने मऊ. प्रदर्शनासाठी बेकरी कामगारांच्या संघाचं सभागृह तिनेच मिळवलं होतं.

"चेहरा काय झालाय तुझा? आंबलेल्या दुधासारखा."

झुल्माने कागद उलटा केला. सेल्वाने चष्मा वर केला, खाली केला, आणि खुर्ची ओढून बसली.

तो ठसा त्या दोघींनाही ओळखीचा होता. झुल्माचा धाकटा भाऊ दार्दो चपलाबुटांच्या कारखान्यात कामाला होता. बुटांच्या टाचांचं उरलेलं रबर घरी आणायचा आणि त्यात अक्षरं कोरायचा. हा 'ओ' त्याने ह्याच टेबलाशी बसून कोरला होता. कोरताना चाकू सटकला, रबराला खाच पडली आणि अंगठाही चांगला चिरला. झुल्माने अंगातल्या निळ्या चौकड्यांच्या एप्रनची पट्टी टर्रकन फाडली आणि त्याला बांधली. "खाच राहू दे," तो हसत म्हणाला होता. "माझी सही झाली फुकटात." ठसा त्याच्या खिशात असायचा. पंचाहत्तर साली लष्कराच्या माणसांनी त्याला नेलं तेव्हाही खिशातच होता.

आणि नेलं ते तोनेलेरोस १४१७ मधून. तो परत आलाच नाही.

तो तिथे कसा सापडला, ही गोष्ट झुल्माने फक्त सेल्वाला सांगितली होती. स्वतःच्या आईलाही नाही. आई मरेपर्यंत समजत राहिली की कोणा शेजाऱ्याने चुगली केली.

चुगली कोणीच केली नव्हती. दार्दो लपला होता, एका विधवेच्या घरी, मागच्या खोलीत. झुल्मालाही कुठे ते माहीत नव्हतं. पण तिचं निमंत्रण त्याच्या हाती लागलं, आणि लपलेल्या माणसालाही हात स्वस्थ ठेवता येईनात. त्याने एक कागद पाठवला. पाठवला तर पाठवला, मागे पत्ताही लिहिला! सवय हो, दुसरं काय. या मंडळींत पत्त्याशिवाय पाकीट म्हणजे हाक मारून पळून जाणं. आणि झुल्माही तशीच. एका बैठकीत बासष्ट पाकिटं उलटी करून तिने पत्ते टाइप केले, एकामागून एक, नियमाप्रमाणे. नावांकडे बघितलं, पत्त्यांकडे बघितलं, पण आपण काय करतोय ते बघितलं नाही. अडतिसावं नाव दार्दोचं होतं. यादी बासष्ट घरी गेली, आणि त्रेसष्टाव्याच्याही हाती पडली. नवव्या दिवशी सकाळी तोनेलेरोसवर गाडी थांबली. चार दारं वाजली, असं ती विधवा नंतर सांगायची. एकापाठोपाठ एक चार.

"हा चावटपणा आहे कोणाचातरी," सेल्वा म्हणाली. "जुनी यादी त्या लोकांकडे होती ना? ठसाही त्यांच्याकडेच गेला. त्यातलाच एखादा पेन्शन खात घरी बसलाय आणि तुला छळतोय. जाळून टाक तो कागद."

"आलेलं सगळं मांडायचं, सेल्वा."

"अगं, नियम काय आकाशातून पडलेत? तू केलेत!"

"मी नाही केले. आणि तेव्हा पाळले, तर आता का मोडू?"

सेल्वा हळूच म्हणाली, "तेव्हा मोडले असतेस तर बरं झालं असतं. त्याच्या नावापुढे तुझाच पत्ता टाकायचा होतास, बाई. एवढंच करायचं होतं."

बोलून गेली आणि तिलाच वाईट वाटलं. पण झुल्माला राग आला नाही. बारा वर्षं ती स्वतःला रोज हेच सांगत होती.

३

आठवड्यात तसंच दुसरं पाकीट आलं. कागदावर 'ओ'च्या दोन रांगा. मग तिसरं. त्यात ठसे इतके दाटीने मारलेले की मधे पांढरं उरलेलंच नाही, नुसती उघडी तोंडं. झुल्माने तिन्ही दोरीला लावले. स्वयंपाक करताना त्यांच्याकडे पाठ करायचं तिला जमेना, आणि तोंड करून उभं राहणंही जमेना. दिवसभर ती नुसती या खोलीतून त्या खोलीत. खुर्चीवर बसली की उठावंसं वाटे, उठली की कुठे जायचं ते कळेना.

शेवटी तिने मिल्तोनला दारातच गाठलं.

"तोनेलेरोस रस्ता कोणाकडे असतो रे?"

"माझ्याकडेच की! मार्चपासून. पाय तुटायची वेळ आलीय, वाढवा म्हणावं पगार. का हो?"

"चौदाशे सतरा नंबर... तिथे काय आहे?"

"घर आहे." मिल्तोनने काखेतला थर्मास सारखा केला. "तुमच्यासारखंच गिऱ्हाईक. परदेशी तिकिटं, रंगीत पाकिटं. रोज दोन-चार असतात. मला वाटलं तुमच्याच टोळीतलं कोणीतरी."

झुल्माने चौकट धरली.

"ते घर पाडलं रे. एकोणऐंशी साली. मी बघितलंय."

"मागचं पाडलं असेल. समोरची भिंत आहे, दार आहे, फट आहे. मी पाकीट ढकलतो आणि ते आतून ओढून घेतात."

"कोण?"

"आता मला काय ठाऊक? असेल कोणी म्हातारं. आभार नाही, नमस्कार नाही. पण ओढतात मात्र असं, जसं काही दाराशीच बसून असतात."

"भिंतीच्या मागे जाऊन बघितलंस कधी?"

"झुल्माबाई, मी पोस्टमन. मला दाराच्या पुढच्या अंगाचा पगार मिळतो." तो हसला. मग तिचा चेहरा बघून हसू आवरलं आणि म्हणाला, "काय झालं? बसा जरा. पाणी आणू?"

त्याच दिवशीच्या टपालात ब्राझीलहून, रेसिफेच्या जांदिराचं पत्र होतं. जांदिरा म्हणजे जुन्या बासष्टांतली एक. तिने लिहिलं होतं: "तुझ्या भावाची पाकिटं येऊ लागली, किती आनंद झाला! तो सुटला हे आम्हाला कोणी कळवलंच नाही. मी लगेच उत्तर धाडलं. तो शब्द लिहीत नाही, नुसते ठसे मारतो, पण उत्तर मात्र उलट टपाली येतं. आमच्यातल्या सगळ्यांनाच येतंय. त्याला सांभाळ."

झुल्माने पत्र तीनदा वाचलं. सेल्वाचं म्हणणं खरं असू शकत होतं. जुनी यादी असलेला कोणीही हे करू शकतो; ठसा असलेला तर नक्कीच. पडक्या घराच्या भिंतीआड बसून पाकिटं ओढायला काय लागतं? रिकामटेकडेपणा आणि कुजकं डोकं. तिने स्वतःला हे नीट, मुद्देसूद समजावलं. आणि तरी रात्री अंथरुणात पडल्यावर तिला एकच वाटत राहिलं, की तो आहे. कुठेतरी आहे, आणि अजून तिथेच बसलाय, तिने लिहिलेल्या पत्त्यावर.

४

ती गेली भरदुपारी, एकटी. सेल्वाला सांगितलं असतं तर तिने जाऊ दिलं नसतं.

जाताना एक पाकीट बरोबर घेतलं. आत एक कागद, त्यावर एकच ओळ टाइप केलेली: यादी मी टाइप केली होती. आयुष्यभर बघायच्या कविता केल्या, पण याला दुसरं कुठलं रूप तिला सुचलं नाही.

तोनेलेरोस रस्ता तसाच होता, एका टोकाला सुतारखाना, दुसऱ्या टोकाला बंद पडलेली डेअरी. १४१७ ची समोरची भिंत उभी होती. हिरव्या रंगाचं दार, त्याला पितळी झडप. झडप चकचकीत होती, रोज वापरातल्या वस्तूसारखी.

ती आधी दाराशी गेली नाही. शेजारच्या पडक्या कुंपणावरून आत बघून आली. भिंतीच्या मागे काही नव्हतं. कमरेएवढं गवत, विटांचा ढीग, आणि भंगारवाल्याचा एक पांढरा घोडा दोरीने बांधलेला. दाराच्या मागेही गवतच. तिथे माणूस बसत असता तर गवत दबलेलं दिसलं असतं. तिने नीट बघितलं. घोड्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा चरायला लागला.

मग ती दाराशी आली. पाकीट फटीत घातलं.

अर्धं आत गेलं आणि थांबलं. झुल्माने सोडलं नाही. पलीकडून कोणीतरी ते धरलं होतं. हिसका नाही, झटका नाही. हळूहळू, न थकता, ते आत ओढलं जात होतं.

"दार्दो?" ती म्हणाली.

ओढ थांबली. झुल्मा गुडघ्यांवर बसली, साठीची बाई, रस्त्यावर, आणि झडप बोटाने वर करून आत बघितलं.

गवत नव्हतं. अंधार होता, खोलीतला, बंद खोलीत असतो तसा. बुटांच्या गोंदाचा वास आला. आणि अगदी जवळ, तिच्या नाकापासून वीतभर अंतरावर, पाकिटाची कड धरलेला एक अंगठा होता. त्याला निळ्या चौकड्यांची पट्टी बांधली होती. पट्टी ओली लाल होती. रक्त अजून थांबलं नव्हतं.

पाकीट तिच्या हातातून सुटलं. आत काहीतरी सरकलं. आणि मग आणखी आत, खोलीच्या खोल भागात कुठेतरी, गाडीचं दार लागावं तसा आवाज झाला. एक. पाठोपाठ दुसरा. अंगठा झटकन मागे गेला.

झुल्मा कशीबशी उठली आणि कुंपणाकडे धावली. घोडा चरत होता. दाराच्या मागच्या गवतात तिचं पाकीट पडलेलं नव्हतं. कुठेच नव्हतं.

५

"एप्रन दाखव," सेल्वा म्हणाली.

झुल्माने खुंटीवरचा जुना एप्रन काढून दिला. एका कडेने फाटलेला, तेरा वर्षांपूर्वीचा. सेल्वाने ती कड बोटांनी चाचपली.

"झुल्मा, एक विचारते, रागावू नकोस. हे ठसे... तूच तर मारत नाहीस ना? झोपेत म्हण, विसरून म्हण. माणसाचं डोकं असं करतं कधीकधी. माझी मावशी मेलेल्या नवऱ्यासाठी ताट वाढायची, आणि जेवायचीही तीच."

"मलाही तेच वाटलं गं." झुल्माने दोन्ही हात पुढे केले. "शाई बघ कुठे दिसते का. मी रोज बघते."

हात स्वच्छ होते. कांद्याचा वास तेवढा होता.

"मग आता काय करायचं?"

"त्याला ते अजून नेणार आहेत, सेल्वा. मी ऐकलं. ती दारं वाजतायत, अजून वाजतायत. तो रोज त्याच सकाळी बसलेला असतो तिथे. आणि मी पुन्हा यादी काढणार आहे, त्याचा तोच पत्ता घालून!"

बोलता बोलता ती रडायला लागली. बारा वर्षांत सेल्वाने तिला रडताना बघितलं नव्हतं. तिने मातेचा वाडगा भरला आणि तिच्या हातात दिला.

प्रदर्शन ऑगस्टच्या मध्यावर झालं. गर्दी बरी होती. लोक 'न बोलता' या फलकाखाली उभे राहून खूप बोलले. तोनेलेरोसचे तीनही कागद भिंतीवर होते, आणि त्यांच्यासमोर का कोण जाणे, माणसं जास्त वेळ थांबत नव्हती.

मग झुल्मा यादी टाइप करायला बसली. जांदिरा, पहिली. दुसरा, तिसरा. सदतिसावा. अडतिसाव्यापाशी ती थांबली. नाव तिने पूर्ण टाइप केलं: दार्दो एत्चार्त. आणि त्याच्या पुढे स्वतःच्या घराचा पत्ता.

इतकं सोपं होतं. दहा सेकंदांचं काम. ते तेव्हा सुचलं नव्हतं या रागाने तिने टाइपरायटरवर मूठ आपटली.

एकाहत्तर पाकिटं मिल्तोनच्या हवाली केली. तो म्हणाला, "बापरे, एवढी! झुल्माबाई, माझ्या खांद्यावर तरी दया करा."

"जपून ने रे," ती म्हणाली. "आणि त्या तोनेलेरोसला काय होतं ते मला सांग."

६

चौथ्या दिवशी मिल्तोनने सांगितलं, की १४१७ ची झडप गंजून बसलीय. ढकलली तर हलत नाही, वर्षानुवर्षं बंद असल्यासारखी. "आणि टपालही नाही आता तिथलं. काल तिथे एक घोडा तेवढा भिंतीवरून माझ्याकडे बघत होता."

सहाव्या दिवशी झुल्माच्या फरशीवर एक पाकीट पडलं. दार्दो एत्चार्तच्या नावाचं, तिच्या पत्त्यावर, हंगेरीचं तिकीट. तिने ते फोडलं नाही. स्वयंपाकघरात टेबलावर ठेवलं, बाजारात गेली आणि तासाभराने परतली. पाकीट कडेने अलगद फोडलेलं होतं, सुरीने. फाडलेलं नव्हतं.

तिने सुरी उचलली, खाली ठेवली. घरभर फिरली. पलंगाखाली बघितलं, कपाटात बघितलं. मागचं दार आतून बंद होतं. मग बोळात येऊन ती उभी राहिली, आणि तिला जाणवलं की भीती वाटतेय खरी, पण ती घरात कोणी आहे याची नाही. ती पुढच्या दाराची आहे.

आठव्या दिवशी दुपारी ती आडवी झाली असताना स्वयंपाकघरातून आवाज आला. थप. थोडा वेळ गेला. थप. रबर कागदावर दाबल्याचा, ओल्या शाईवरून उचलल्याचा. हा आवाज तिने बहिऱ्या कानांनीही ओळखला असता. ती उठून गेली तर खुर्ची जरा मागे सरकलेली, गोंदाचा वास, आणि टेबलाच्या मेणकापडावर एक 'ओ', अजून ओला. बोट लावलं तर शाई बोटाला आली. कडेला लाल रंगाचा एक थेंबही होता.

"बस इथेच," ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली. "कुठे जाऊ नकोस. उद्या नववा दिवस आहे."

७

नवव्या दिवशी आभाळ खाली आलं होतं. ऑगस्टअखेरचं सांता रोसाचं वादळ येणार, असं रेडिओ सकाळपासून सांगत होता. अशा हवेत या शहरात घरोघरी तोर्ता, म्हणजे जाड पुऱ्या, तळतात, म्हणून झुल्मानेही पीठ मळलं. दोन माणसांपुरतं. तळून ताटलीत ठेवलं, साखर भुरभुरली, ताटली टेबलावर त्या खुर्चीसमोर ठेवली, आणि स्वतः बोळात आली.

दहा वाजले. मागे स्वयंपाकघरात काम सुरू झालं. थप. थप. थप. एका लयीत, घाईने, हातातलं काम संपवायचंय अशा माणसाचं. मधेच ताटली सरकल्याचा आवाज आला. तिने डोळे पुसले.

साडेदहा वाजले. शीळ आली नाही.

गाडी आली. दाराशीच थांबली, इंजिन चालू. मग दारं वाजली. एक. दोन. तीन. चार.

मागचा आवाज थांबला.

झुल्मा दाराला पाठ लावणार होती, पण तिने तसं केलं नाही. दाराकडे तोंड करून उभी राहिली, फटीसमोर, पाय रोवून, आपला जाडजूड काळा स्कर्ट पसरून. एखादी बोळ अडवून उभी राहिलेली भांडखोर म्हातारी. दारावर थाप पडली. जोरात नाही. ज्यांना माहीत असतं की दार उघडणारच, त्यांची थाप.

"कोण हवंय?" तिने विचारलं.

फटीतून एक कागद आत सरकला. तिचीच यादी, घडी घातलेली, अडतिसाव्या नावाखाली रेघ मारलेली. तिने तो कागद धरला, पण आत ओढला नाही. तसाच बाहेर ढकलला.

"या नावाचं इथे कोणी राहत नाही," झुल्मा म्हणाली.

बारा वर्षं हे वाक्य तिच्या घशात अडकलं होतं. बाहेर पडलं तेव्हा साधंच निघालं, भाजीवाल्याला नको म्हणावं तसं.

बाहेर कोणी हललं नाही. मग पितळी झडप हळूहळू वर उचलली गेली. पलीकडे कोणीतरी वाकलं होतं. तिला डोळा दिसला नाही, फक्त बाहेरचा उजेड अडला, आणि ती नजर तिच्या चेहऱ्यावर येऊन थांबली. बोळाकडे नाही, स्वयंपाकघराकडे नाही. तिच्या डोळ्यांकडे. ती मागे बघते का, याचीच वाट बघत.

आणि नेमकं तेव्हाच तिच्या मागे खुर्ची सरकली. अनवाणी पावलं फरशीवर आली. दोन, तीन. गोंदाचा वास दाट झाला. अगदी पाठीशी, केसांना श्वास लागेल इतक्या जवळ येऊन कोणीतरी थांबलं. "झुल्मिता," असं लहानपणी तो तिला म्हणायचा. आताही कोणी ते म्हणालं की नाही, हे ती खात्रीने सांगू शकली नसती.

फक्त मान वळवायची होती. बारा वर्षं तिने दुसरं काहीच मागितलं नव्हतं.

"सांगितलं ना," ती फटीकडे बघत म्हणाली, "इथे मी एकटीच राहते."

मागची पावलं हळूहळू परत गेली. खुर्ची पुन्हा टेबलाशी ओढली गेली. थोड्या वेळाने, अगदी हलक्या हाताने, काम सुरू झालं. थप. थप. झडप वरच होती, गाडीचं इंजिन चालूच होतं, बाहेर पावसाचे पहिले जाड थेंब पडायला लागले होते. झुल्माला ठाऊक होतं, हे आज जाणार नाहीत, आणि गेले तरी उद्या साडेदहाला येतील, परवाही येतील. तिने स्कर्ट नीट पसरला, नजर दारावर ठेवली, आणि मागे न बघता तशीच उभी राहिली.